मोकळा रकाना

एप्रिलच्या उकाड्यात पर्यावरणाचे पेपर तपासताना मी मनाशी एक खेळ खेळायचे. 'झाडे लावा, झाडे जगवा' हे वाक्य कितव्या ओळीत येतंय ते बघायचं. ध्वनिप्रदूषणावरचे उपाय विचारा, झाडे लावा. लोकसंख्यावाढीचे परिणाम विचारा, शेवटच्या ओळीत झाडे लावा. एका पोरानं तर ई-कचऱ्याच्या टिपेत लिहिलं होतं की जुने मोबाइल खड्ड्यात पुरून त्यावर एक झाड लावावे. त्याला मी दोन मार्क जास्तच दिले. निदान कल्पना त्याची स्वतःची होती.

सह्याद्रीच्या कुशीत, कासारी नदीच्या खोऱ्यातलं आमचं कॉलेज. मी वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे सक्तीचा पर्यावरणाचा पेपर आला तेव्हा तो आपोआप माझ्या गळ्यात पडला. 'मॅडम, तुमचं झाडांचंच आहे ना, मग घ्या,' असं म्हणून वर्कलोडचा कागद माझ्यापुढे सरकवण्यात आला. पुढे अठरा वर्षं तो माझ्याकडेच राहिला. कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही शाखांची दुसऱ्या वर्षाची पोरं एका हॉलमध्ये कोंबायची आणि माइकवर ओझोनचा थर शिकवायचा. ओझोन सगळ्यांना यायचा, आकृतीसकट. तोंडी परीक्षेत मात्र गंमत व्हायची.

"तुझ्या घरी पाणी कुठून येतं?"

"नळातून."

"नळात कुठून?"

"टाकीतनं."

"आणि टाकीत?"

"मोटरीनं चढवत्यात, मॅडम."

मोटर कुठल्या नदीवर बसवली आहे, हे त्याला सांगता येईना. त्या नदीवरच्या पुलावरून तो रोज एसटीनं दोनदा जात होता. त्याच्या प्रकल्पाचा विषय होता 'अॅमेझॉनचे जंगल: पृथ्वीची फुफ्फुसे'. मुखपृष्ठावर रंगीत प्रिंट, आत झेरॉक्स.

मी त्याला हसले नाही. हसण्यासारखं आमचंच होतं.

हा पेपर आला कुठून याची कथा फारशी कुणाला ठाऊक नसते, शिकवणाऱ्यांनाही. तो विद्यापीठाच्या डोक्यातून निघालेला नाही. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शननं रोज थोडा वेळ द्यावा आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा व्हावा. घटनेच्या 51-अ कलमात 1976 सालीच निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून घातलेलं होतं, पण कर्तव्य माहीतच नसेल तर पाळणार कसं, हा साधा मुद्दा. आदेशानंतर बारा वर्षं गेली. कागद फिरत राहिले. 2003 च्या डिसेंबरात न्यायालयानं पुन्हा कान पिळला, तेव्हा कुठे यंत्रणा नीट हलली. विद्यापीठ अनुदान आयोगानं सहा महिन्यांचा, 50 तासिकांचा, आठ घटकांचा अभ्यासक्रम सगळ्या पदवी शाखांसाठी दिला. हा विषय सुटल्याशिवाय पदवी हातात येत नसे. गुणवत्ता यादीत त्याला काही किंमत नव्हती, त्यामुळे पोरं त्याला 'फुकटचा पेपर' म्हणत.

आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी. व्यवसायानं शल्यविशारद, मनानं जंगलातला माणूस, आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे प्रमुख. पुस्तक मी सुरुवातीला गाइडसारखंच वाचलं. मग एका वर्षी पहिल्याच घटकातल्या एका उपक्रमापाशी अडकले. रोजच्या वापरातली कुठलीही एक गोष्ट घ्या, बादलीभर पाणी, एखादा खाण्याचा पदार्थ, टेबल, पुस्तक; आणि ती घरापासून मागे मागे शोधत तिच्या उगमापर्यंत जा. एवढंच. आमच्या त्या मोटरवाल्या पोराला नापास करणारा प्रश्न पुस्तकात पहिल्याच प्रकरणात बसलेला होता. आम्ही तो 'परीक्षेला येत नाही' म्हणून ओलांडून जात होतो.

आठव्या घटकाचं नाव तर सरळ 'क्षेत्रीय कार्य' असं होतं. त्याला 25 गुण. हे 25 गुण देशभर कसे मिळवले जायचे हे वेगळं सांगायला नको. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे; ऊस, दूध डेअरी आणि ध्वनिप्रदूषण हे तीन विषय जास्त खपायचे.

---

कॉलेज पर्यावरणासाठी काहीच करत नव्हतं असं मात्र नाही. भरपूर करत होतं, आणि त्याचे फोटो आहेत.

राज्य सरकारनं 1 जुलै 2016 ला एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं. पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13, आणि 2019 ला 33 कोटी. आकडा असा चढत गेला की त्यातला आमच्या कॉलेजच्या वाट्याचा तुकडाही चढत गेला, आणि आवार तर तेवढंच राहिलं. मग जे व्हायचं ते झालं. गेल्या वर्षीच्या खड्ड्यात यंदाचं रोप. खड्डा खणायला नको, माती भुसभुशीत, राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं खूश. आमच्या पाठीमागच्या मैदानात एक खड्डा होता, त्यात मी स्वतः चार वर्षांत तीन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते रोपं लावलेली पाहिली. चौथ्या वर्षी तिथं क्रिकेटची खेळपट्टी झाली.

1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण दर पावसाळ्यात हे करत आलो आहोत. लावण्याचा सोहळा असतो. जगवण्याचा नसतो, कारण तो मार्च-एप्रिलमध्ये करावा लागतो, आणि तेव्हा परीक्षा असतात.

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेची, समिती येणार असली की या सगळ्याला आणखी धार चढायची. नॅकच्या सातव्या निकषात तेव्हा पर्यावरणाची जाण विचारायचे: सौर ऊर्जा, कचरा, पाण्याची बचत, हरित लेखापरीक्षण. विचारायचे हे चांगलंच. पण प्रश्न पुराव्याचा असतो. सायकल स्टँडजवळ आमच्याकडे सहा कांचनची झाडं होती, खरोखर वाढलेली, फेब्रुवारी-मार्चला गुलाबी होणारी. ती का जगली? कॅन्टीनवाल्या मावशी कप विसळलेलं पाणी रोज संध्याकाळी त्यांच्या बुडाशी ओतत, कारण गटार लांब होतं आणि मावशींचे गुडघे दुखत. फायलीत याची नोंद 'सांडपाणी पुनर्वापर प्रकल्प' अशी झाली. शेजारी मावशींचा नाही, प्राचार्यांचा फोटो. समितीनं त्याचं कौतुक केलं, आणि कौतुक अगदीच चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. झाडं तर होतीच.

संस्थेनं मनावर घेतलं तर काय होतं हेही मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून नुसती टर उडवायला जीभ वळत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 1962 साली निघालं ते सागरमाळावर. नाव सागर, पण निव्वळ माळ. साडेआठशे एकरांवर दगड, कुसळं आणि वारा. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून तिथं झाडं लावली गेली आणि, मुख्य म्हणजे, राखली गेली. उताराचं पाणी तलावांत, विहिरींत, शेततळ्यांत अडवलं गेलं. एम.एस्सी.ला असताना भर दुपारी वसतिगृहातून विभागाकडे जाताना मोर आडवा जायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पासष्टाव्या वर्षी वाटतं. पण ते साठ वर्षांचं काम आहे. 1 जुलैचं नव्हे.

---

2013 साली मी ठरवलं की झेरॉक्सचे प्रकल्प घ्यायचेच नाहीत. त्याऐवजी एका गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची, म्हणजे गावातली पिकं, झाडं, मासे आणि त्यांचे उपयोग लोकांना विचारून लिहून काढायचे.

ही कल्पना माझी नव्हे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांची. हार्वर्डहून परतल्यावर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुण्यातल्या वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया बघत हिंडले. वर्तक वनस्पती ओळखणारे, गाडगीळ गणिती डोक्याचे. त्या हिंडण्यातून, मला वाटतं, त्यांना एक गोष्ट पक्की कळली असावी: जंगल कुठं राखलं आहे, का राखलं आहे आणि कुणी मोडलं, हे गावाला माहीत असतं. वनखात्याच्या नकाशाला ते माहीत नसतं. नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना, 1990 च्या दशकात, त्यांनी पश्चिम घाटातल्या साध्यासुध्या पदवी कॉलेजांतले जीवशास्त्राचे शिक्षक एकत्र बांधले. मोठ्या प्रयोगशाळांकडे न जाता आमच्यासारख्यांकडे ते आले. जिथं सूक्ष्मदर्शकाची काच खरवडलेली असते आणि फील्ड ट्रिपला एसटी लागते, तिथल्या शिक्षकांकडे. तुमच्या दाराशी जंगल आहे, तुमच्याकडे पोरं आहेत, मोजायला लागा. त्या जाळ्यातल्या एका सरांचं व्याख्यान मी नवखी असताना ऐकलं होतं. ते डोक्यात कुठंतरी पडून होतं.

मग 2002 चा जैवविविधता कायदा आला. प्रत्येक स्थानिक संस्थेत एक समिती, आणि समितीचं मुख्य काम काय, तर लोकांशी बोलून गावाची नोंदवही तयार करणं. कुठलं पीक, कुठलं झाड, कुठला मासा, त्याचा उपयोग, तो कुणाला ठाऊक आहे. हेतू स्वच्छ होता: उद्या कुणा कंपनीनं या मुळीचं पेटंट मागितलं तर गावाकडे कागद असावा, आणि फायद्यातला वाटाही मिळावा. कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी आमच्या भागात अशी वही कुणी पाहिलेली नव्हती. ग्रामसेवकांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, हागणदारीमुक्तीचं काम आधी होऊ दे."

मी आमच्या वर्गातल्या एका मुलीचं गाव निवडलं. डोंगराच्या पोटाशी गाव आणि वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, त्यांचा धनगरवाडा. मुलगी मागच्या बाकावरची, हजेरीलाच फक्त तोंड उघडणारी. तिच्या गावी जायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तिथं बघण्यासारखं काही न्हाई," असं ती दोनदा म्हणाली. जाणकार कोण आहेत विचारलं तर म्हणाली, कुणी नाहीत. मग चाचरत, "आजी हाय. पण तिला सही पण येत न्हाई."

पहिल्या रविवारी जुलैच्या पावसात आम्ही चौदा जण तिच्या पडवीत टेकलो. छापील तक्त्यात रकाने होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, उपयोग, पूर्वीची स्थिती, सद्यस्थिती, माहिती देणाऱ्याचे नाव. पोरांनी पेनं काढली आणि आजींना विचारलं, "आजी, तुमच्याकडे जैवविविधता काय काय आहे?"

आजी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आजी, पावसाळ्यात रानातनं भाजी कुठली कुठली आणता?"

मग थांबवायची पंचाईत. कुरडू, टाकळा, भारंगी, कुर्ली, दिंडा, अळू. अळवातही खाजरं कुठलं आणि बिनखाजरं कुठलं. भारंगीची फुलं वेगळी करायची, पानं वेगळी. दिंड्याचे कोंब पहिल्या पावसानंतर आठवडाभरच, पुढं ते लाकूड. टाकळा कोवळाच, आणि लसूण घातल्याशिवाय त्याला चव नाही. शास्त्रीय नावाच्या रकान्यात मी भराभर नावं सांगत होते आणि मनात हसू येत होतं, कारण पावणेदोन तासांत मी फक्त एक रकाना भरू शकत होते आणि बाकीचे सहा आजी. त्यांची नात चुलीशी उभी राहून बघत होती. दुपारनंतर ती तिथून आली, एका मुलाच्या हातातली वही घेतली, म्हणाली, "तुला पटापटा लिवता येत न्हाई, आण." तिथून पुढं ती वही तिच्याकडेच राहिली.

भाताच्या पानाला 'पूर्वीची स्थिती' हा रकाना आम्हाला सगळ्यांना जड गेला. जोंधळा जिरगा, काळा जिरगा, घनसाळ. एकेक नाव आलं की आजींबरोबर शेजारचे दोन म्हातारेही आठवायला बसायचे. नमुन्यातल्या उत्तरांप्रमाणे तिथं 'विपुल', 'मध्यम', 'दुर्मीळ' असं लिहायचं असतं. आजी म्हणाल्या, "जिरगं शिजलं की वरच्या वाड्यात कळायचं कुणाच्या घरी पाव्हणं हायती." नातीनं तेच लिहिलं. 'सद्यस्थिती'मध्ये लिहिलं: पाव्हण्यांना पण दुकानाचा तांदूळ. छाननीत कुणी हे खोडलं असतं तर मी भांडले असते. सुदैवानं छाननी करणारी मीच होते.

आजऱ्याच्या घनसाळाला पुढं 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिनं मला फोन केला होता. "मॅडम, आपल्या वहीतला!" आपल्या, म्हणाली.

---

सड्यावर आम्ही ऑगस्टमध्ये चढलो. हे मुद्दाम सांगते, कारण सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर बहुधा हिवाळ्यात असतं, आणि हिवाळ्यात सडा म्हणजे नुसता वाळलेल्या गवताचा. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती, त्यात चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरायचं असा तिथल्या झाडांचा हिशेब. शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक करणाऱ्यांनी सडा पाहिलेला नसावा.

वाड्यावरचे एक मामा आमच्याबरोबर होते. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर घोंगड्याची खोळ, पायांत टायरच्या चपला. त्यांच्याशी माझी सुरुवातीला जुंपली. मी एका उतारावरच्या वेलीपाशी गुडघे टेकून बसले, आनंदानं आवाजच चढला माझा. सेरोपेजिया! कंदीलपुष्प! लांब नळीचं फूल, वर पाच पाकळ्या टोकाला जुळून झालेला कंदील. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाला भुललेली चिलटं आत घसरतात, केसांमुळे वर येता येत नाही. केस कोमेजले की सुटका, अंगावर परागकण घेऊन. सह्याद्रीत या वंशातल्या कितीतरी जाती अशा आहेत की जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हयातभर खपून या वेली शोधल्या, बागेत वाढवल्या, पुन्हा रानात लावल्या. हे सगळं मी पोरांना एका दमात सांगितलं. मामा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"हमण हाय ती," ते म्हणाले. "ल्हानपणी कंद उकरून खायचो आमी."

मी दचकून म्हटलं, "खाता? अहो मामा, दुर्मीळ आहे ती!"

"आमी खात हुतो तवा लई हुती," मामा शांतपणे म्हणाले. "आता पोरं शाळंत जात्यात, कोण खातंय? आन् आता न्हाई. मग खाल्ल्यानं गेली व्हय, बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. ते पुढं चालू लागले. थोड्या वेळानं त्यांनीच खालच्या बाजूला काठी करून दाखवलं: सड्याचा एक कोपरा जेसीबीनं खरवडला होता, चिऱ्यासाठी की रस्त्यासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. 'ऱ्हासाची कारणे' या प्रश्नाचं माझं छापील उत्तर 'अति वापर' या शब्दांनी सुरू होत असे. त्या वर्षीपासून मी क्रम बदलला.

मामांनी त्या दिवशी पन्नासेक झाडं सांगितली असतील. हिरडा बाळपणीच का वेचायचा, कारवी फुलायला सात-आठ वर्षं कशी लागतात आणि फुलून मेल्यावरच कुडाला का तोडायची, ऐनाच्या सालीचं काय करतात. मग उतरताना, ओढ्याच्या काठी, एका झुडपापाशी ते थबकले. पान खुडलं, चुरगळलं, वास घेतला.

"ह्ये जनावर याल्यावर वार पडत नसंल तर देत्यात," ते म्हणाले. किती, कसं, कशाबरोबर, हे विचारायला पोरीनं पेन उघडलं. मामांनी हात आडवा केला.

"ह्ये लिवू नका."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी मामांना समजावलं. म्हटलं, ही वही गावाचीच आहे, गावातच राहील, तुमचं नाव घालू. कायदा तुमच्या बाजूनं आहे. मी बरंच बोलले. आता आठवलं की लाज वाटते. कारण मी जे बोलत होते ते सगळं खरं होतं, आणि तरी मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याची एकुलती एक गोष्ट द्यायला लावत होते, 25 मार्कांसाठी.

मामा म्हणाले, "बाई, बापानं मला सांगितलं तवा मला आट घातली. कुनी दारात मागाय आला तर द्यायचं, पैका घ्याचा न्हाई, आन् नाव सांगायचं न्हाई. कागदाला काय आट घालनार तुमी?"

नोंदवहीच्या नियमात याची सोय आहे, हे मला ठाऊक होतं. जाणकारानं नको म्हटलं तर माहिती गोपनीय ठेवायची. पण व्याख्यानात ऐकलेलं आणि ओढ्याच्या काठी पाऊस झेलत उभ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं यात फरक असतो. पोरीनं विचारलं, "मॅडम, मग रकाना?" इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले होते, की प्रश्न सोडायचा नाही, काहीतरी लिहायचं, एखादा मार्क मिळतो.

"मोकळा सोड," मी म्हटलं.

तिनं क्रमांक घातला, 'ओढ्याकाठी' एवढं अधिवासात लिहिलं, माहिती देणाऱ्याच्या जागी मामांचा अंगठा घेतला. मधले सगळे रकाने मोकळे.

---

त्या वहीला पुढं कुणी विचारलं नाही. दोन प्रती काढल्या होत्या, एक ग्रामपंचायतीला दिली, एक विभागाच्या कपाटात. विद्यापीठाच्या कुठल्या नमुन्यात ती बसेना, कारण ती शोधनिबंध नव्हती आणि उपक्रमही नव्हती. पोरांना मात्र मी 25 पैकी 25 दिले, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

मग 2019 उजाडलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सगळ्या राज्यांना तंबी दिली: 31 जानेवारी 2020 पर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती आणि नोंदवही झालीच पाहिजे, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच 28 हजारांच्या घरात. सतरा वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेलं काम काही महिन्यांत उरकायचं. त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, पंचगंगेनं अर्धं कोल्हापूर बुडवलं होतं. ग्रामसेवक पंचनाम्यांतून वर येतात न येतात तोच हे.

ऐन थंडीत मला एका गावच्या सरपंचबाईंचा निरोप आला, वही बघून द्या म्हणून. काम एका खासगी माणसाला दिलेलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, एकही रकाना मोकळा नाही. पोटात कौतुकच दाटून आलं. चौथ्या पानावर 'तिवर' असं झाड भेटलं. अधिवास: खाडीकिनारा. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरच्या गावात खाडी! कोकणातल्या कुठल्यातरी गावची वही उचलून नाव बदललं होतं. बदलताना वर्षाला किती खेकडे मिळतात तेही तसंच राहिलं होतं. सरपंचबाईंना मी ते दाखवलं. त्या कपाळाला हात लावून हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, खाडी आली म्हणजे मासळी स्वस्त व्हईल बघा." मग गंभीर होऊन विचारलं, "आता काय करू? मुदत शुक्रवारची हाय."

मी तिवर आणि खेकडे तेवढे काढून दिले. याहून जास्त काही केलं नाही. त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण झेरॉक्सच्या दुकानातले प्रकल्प इतकी वर्षं तपासल्यावर तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? तो माणूस आमच्याच कुठल्यातरी कॉलेजातून पर्यावरणाचा पेपर सुटून बाहेर पडला असणार. त्याला आम्ही जे शिकवलं होतं ते त्यानं बिनचूक केलं होतं.

आता नवीन शैक्षणिक धोरणात या विषयाला श्रेयांक आले आहेत. नावं बदलली, घटक वाढले. हवामानबदल आला आहे, तो यायलाच हवा होता. शिकवणारी नवी मुलगी हुशार आहे. मी निवृत्त झाल्यावर विभागाचं कपाट तिला सोपवताना 2013 ची ती वही तिनं उघडून पाहिली आणि झेरॉक्स मागितली. झेरॉक्स या शब्दानं मला जरा धसका बसला, पण दिली.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी तिच्या पोरांना घेऊन त्याच गावात गेलो. आजी नाहीत. मामाही करोनाच्या आधीच गेले. ज्या मुलीनं वही लिहिली ती सासरी, भोगावतीच्या काठी, अंगणवाडीत काम करते. सड्याचा तो कोपरा आणखी आत सरकलाय. हमण एके ठिकाणी सापडली, दोन वेली.

वाड्यावर मामांच्या सूनबाईंनी चहा केला. वही त्यांच्यापुढं धरली तशी त्यांनी मामांचा अंगठा लगेच ओळखला, पदरानं पानावरचा पाण्याचा थेंब टिपला. मग बोट सरकवत त्या मोकळ्या ओळीपाशी आल्या.

"ह्ये का सोडलंय?"

"मामांनी सांगितलं नाही."

त्या क्षणभर तशाच बसल्या. मग ओढ्याच्या दिशेला बघून एकदम खुदकन हसल्या.

"त्येनी न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या, "मग मी बी न्हाई सांगनार."